मागून म्हणणारे

पुतळाबाईच्या पहिल्या स्मृतिदिनाला तीन दिवस उरले असताना निरोप आला, की भन्तेजींची दाढ काढली आहे आणि डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं आहे. निरोपही त्यांनी दुसऱ्याकडून पाठवला होता. रत्नपाल फोन हातात धरून ओटीवर उभा राहिला. मंडप ठरला होता, जेवण ठरलं होतं. फक्त बुद्धवंदना पुढे म्हणणारं माणूस नव्हतं.

गावाला ही अडचण पूर्वी कधी आली नव्हती. विहारात वीस वर्षं पुतळाबाई पुढे म्हणायची आणि बाकीचे मागून. ती गेली आणि गावात सगळे मागून म्हणणारेच उरले. वर्षभर दर रविवारी कुणीतरी मोबाईलवर वंदना लावत होतं. पण बायकोच्या स्मृतिदिनालाही मोबाईलच लावायचा, हे रत्नपालच्या मनाला पटेना.

संध्याकाळी मुलीचा, मैत्रीचा फोन आला. ती रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकत होती.

"बाबा, शनिवारी माझी रूममेटपण येतेय. दिलानी. श्रीलंकेची आहे, स्कॉलरशिपवर आलीय."

"लंकेची?"

"हो. का?"

"का न्हाय. आण, आण!"

लंका म्हणजे बौद्धांचा देश, हे रत्नपालने लहानपणापासून ऐकलं होतं. तिथल्या मुलीला वंदना पाळण्यातच पाठ झालेली असणार. आणखी काही विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने फक्त मंडळाचा सेक्रेटरी रामा याच्या कानावर ही गोष्ट घातली, आणि गोष्ट त्याच्या हातातून गेली.

दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. 'श्रीलंकेच्या धम्मभगिनींच्या मुखातून वंदना.' वर मोठं कमळ, त्याखाली दोन देशांचे झेंडे, आणि एका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी पुतळाबाई.

"रामा, जिचा कार्यक्रम तिचा फोटो एवढासा?"

"भाऊ, आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हाय. जागा कमी पडली."

आजूबाजूच्या चार गावांतून फोन आले. साठ माणसांचं जेवण दोनशेवर गेलं. रत्नपालने मनाची समजूत घातली. वंदना नीट झाली, की पुतळाबाईला पोचलं.

शनिवारी सकाळी मैत्री दिलानीला घेऊन आली. मुलगी हसरी होती. वाकून पाया पडली आणि हॉस्टेलात शिकलेल्या मराठीत म्हणाली, "नमस्कार बाबा. मला खूप भूक आहे." चहाचा कप घ्यायला ती पुढे झाली तेव्हा तिच्या गळ्यातली साखळी बाहेर आली. साखळीला चांदीचा क्रूस होता.

रत्नपालने मैत्रीला आत बोलावलं.

"हिच्या गळ्यात काय हाय?"

"क्रूस. ख्रिश्चन आहे ती. समुद्रावरचं गाव तिचं, तिथे बरेच कोळी ख्रिश्चन आहेत."

"मला बोलली न्हाईस!"

"तुम्ही विचारलंत?" मग मैत्रीचे डोळे मोठे झाले. "बाबा, थांब्यावरच्या बोर्डावरची धम्मभगिनी म्हणजे..."

तेवढ्यात रामा आला. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "साखळी आत घाल म्हणावं. दहा मिनटांचा तर प्रश्न हाय."

"न्हाय," रत्नपाल म्हणाला. "मैत्रीच्या आईच्या नावानं खोटं न्हाय करायचं."

मंडप भरला होता. रत्नपालने माईक हातात घेतला. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, आवाजाला कमी नव्हता. पण आज तो बारीक निघाला. "पाहुणी ख्रिश्चन हाय. तिची चूक न्हाय. मी विचारलंच न्हाय."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. रामा मोबाईल शोधू लागला. एवढ्यात दिलानी उठून पुढे आली.

"मला येते," ती म्हणाली. "माझ्या शाळेत रोज सकाळी मुली म्हणायच्या. मी गप्प उभी. बारा वर्षं. पण कान गप्प नव्हते. म्हणू?"

रत्नपालने मान हलवली. तिने हात जोडून सुरुवात केली. शब्द तेच होते, पण चाल लंकेची, लांबवलेली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या नीराबाईची चुळबुळ सुरू झाली. तिसऱ्या ओळीला तिला राहवेना.

"थांब गो पोरी. हितं सूर वर न्यायचा न्हाय. पुतळाबाई खाली आणायची."

"खाली कुठं? वरच न्यायची!" मागून आवाज आला.

"तुला काय ठाव? तू झोपायचीस विहारात!"

"झोपायचे तरी ऐकू यायचं!"

वर्षभर ज्यांना एक ओळ पुढे म्हणता येत नव्हती, ते सगळे आता पुतळाबाईच्या चालीवरून भांडत होते. दिलानी गोंधळून रत्नपालकडे वळली आणि माईक त्याच्यापुढे धरला.

"बाबा, आई कसं म्हणायच्या?"

तीस वर्षं रोज पहाटे, तो ड्युटीचा शर्ट चढवत असताना, चुलीपाशी ती म्हणायची. त्याने डोळे मिटले आणि म्हटलं. आवाज खालीच आला. नीराबाईने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. चौथ्या ओळीला तो अडला, तेव्हा सगळा मंडप त्याच चालीत पुढे गेला, आणि त्यात दिलानीही होती.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझी आजी मागच्या वर्षी गेली. परीक्षा होती, मला जाता आलं नाही. उद्या कोर्लईच्या चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगितली आहे. इथे माझं घरचं कुणी नाही."

"असं कसं न्हाय?" रत्नपाल म्हणाला.

रविवारी दिलानीबरोबर टेम्पोतून एकतीस माणसं कोर्लईला उतरली. घरच्यांनी पुढे बसायचं असतं, असं रत्नपालने ठरवलं होतं. त्यामुळे पहिले चार बाक त्यांनीच भरले, आणि कधी उठायचं, कधी बसायचं ते बघायला पुढे कुणीच उरलं नाही. सगळ्यांनी नजर रत्नपालवर ठेवली.

फादर आजीबद्दल बोलत होते, तेव्हा रत्नपालचा गुडघा अवघडला. तो मोकळा करायला तो जरा उभा राहिला. त्याच्याबरोबर तीस माणसं उभी राहिली. घरचे उठले म्हटल्यावर मागची कोर्लईची माणसंही उठली. फादर बोलता बोलता थांबले. दिलानीने रत्नपालकडे पाहिलं, ओठ घट्ट दाबले आणि तीही उभी राहिली.