मागून कसं दिसतं?

राजधानीत उतरल्याउतरल्या मी एक छोटासा निर्णय घेतला. आज कोणालाही रस्ता विचारायचा नाही.

तसे निर्णय माझ्या वाट्याला फारसे येत नाहीत. घरातले मोठे निर्णय बायको घेते, बारीकसारीक मुलगी सासरहून फोनवर घेते आणि ऑफिसातले साहेब घेतात. त्यामुळे एक निर्णय हाती लागल्यावर मी तो घट्ट धरून ठेवला. शिवाय स्टेशनबाहेर मी एक रंगीत नकाशा विकत घेतला होता. त्यात प्रत्येक स्मारकाचं छान ठसठशीत चित्र होतं. (चित्रांना जागा व्हावी म्हणून मधले रस्ते गाळले होते, हे मला संध्याकाळी कळलं.)

माझी बायको शाळेत इतिहास शिकवते. सगळं गाव तिला 'बाई' म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. आणि एकदा बाई म्हटलं की पुढचं सगळं आपोआप आदराने बोललं जातं, निदान त्यांच्या पाठीमागे तरी. तर बाई गेली कित्येक वर्षं राजधानीतल्या हुतात्मा स्मारकाचं चित्र फळ्यावर काढत आल्या आहेत. पाठ्यपुस्तकात ते पोस्टाच्या तिकिटाएवढं छापलेलं, काळंपांढरं आणि फक्त समोरून. समोरच्या पायऱ्या, खांब, वरचा घुमट, सगळं बाई डोळे मिटून काढतात. पण एकदा एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, हे मागून कसं दिसतं?"

बाईंना उत्तर आलं नाही. प्रश्न विचारून गप्प बसवायची त्यांना सवय, स्वतः गप्प बसायची नाही. ती मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, आता तिची मुलगी बाईंच्या वर्गात बसते. पण तो प्रश्न काही बाईंच्या डोक्यातून गेला नाही. या वर्षाअखेर बाई निवृत्त होणार. "त्याआधी एकदा जाऊन बघून यायचंच," त्या म्हणाल्या. "उत्तर न देता वर्ग सोडणार नाही मी."

म्हणून आम्ही आलो होतो. हातात दिवस एकच, संध्याकाळची परतीची गाडी आणि स्मारकाचं फाटक पाचला बंद.

सकाळ फार झकास गेली. मी जुन्या घड्याळाचा मनोरा पाहिला आणि थक्क झालो. चौकातला घोडेस्वाराचा पुतळा पाहिला आणि आणखी थक्क झालो. कायदेमंडळाच्या इमारतीसमोर तर मला एवढं भरून आलं की माझा कर भरायचा राहिलाय याची लाज वाटली. थक्क झालो की माझं तोंड उघडं पडतं, हा माझा जन्मजात दोष आहे. बाई दर स्मारकासमोर फोटो काढायच्या आणि दर फोटोआधी म्हणायच्या, "तोंड मिटा."

"अगं, पण केवढं आहे ते!"

"केवढंही असू दे. त्यात शिरणार आहात का?"

जेवण झाल्यावर मी नकाशा पसरला. हुतात्मा स्मारकाच्या पुढच्या दारापर्यंत मोठा वळसा होता. मागून मात्र एक बारीक रेघ थेट तिथे जात होती.

"तुला मागची बाजूच बघायची आहे ना?" मी म्हणालो. "मग पुढून कशाला जायचं? मागूनच जाऊ. घरच्या माणसाने मागच्या दाराने यावं तसं."

"त्या पोलिसाला एकदा विचारून घ्या."

"नकाशा असताना?" मी म्हणालो. आवाजात अपमान झाल्यासारखा सूर आणला. असा सूर लावला की बाई वाद घालत नाहीत. पुढे काय होतं ते शांतपणे बघत राहतात.

आम्ही गल्लीबोळ ओलांडत गेलो आणि शेवटी झाडांच्या रांगेआडून ती वास्तू समोर आली. मी जागच्या जागी थांबलो. पिवळ्या दगडाच्या उंच भिंती, कमानीच्या खिडक्या, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि मधोमध घुमट. आजूबाजूला माणूस नाही, काणूस नाही. आणि आतून कुठूनतरी एक खोल, अखंड घुमणारा आवाज येत होता. जणू ते सगळे हुतात्मे अजून आत बसून काहीतरी म्हणत होते.

माझ्या अंगावर काटा आला. मी डोक्यावरची टोपी काढली. पायातले बूटही काढले, कारण काय काढावं आणि काय ठेवावं हे कळेना.

"बघ," मी हळूच म्हणालो. "मागून असं दिसतं."

बाईंनी पिशवीतून चित्रकलेची वही काढली, एका दगडावर बसल्या आणि रेघा ओढू लागल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी लग्नात पाहिलं नव्हतं ते पाणी. मुलीला सासरी पाठवतानाही बाईंनी पाहुण्यांना रांगेत उभं केलं होतं, रडल्या नव्हत्या.

मला धन्य वाटलं. मी पाठीमागे हात बांधून, अनवाणी, मान खाली घालून उभा राहिलो. आणि पायांनी मला सांगितलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. माझं टेबल पंपहाऊसमध्ये आहे. उभी हयात माझ्या टेबलाखालची फरशी पंपांनी थरथरते आहे, इतकी की सुटीच्या दिवशी स्थिर जमिनीवर मला चक्कर येते. तर तीच थरथर आता माझ्या तळपायांना लागत होती. दोन पंप चालू होते. त्यातल्या एकाचं बेअरिंग गेलेलं होतं.

मी मान वर केली. भिंतीवरच्या वेलीमागे एक पत्र्याची पाटी होती : 'पाणीपुरवठा विभाग. उच्च दाब. विनापरवाना प्रवेश बंद.'

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाच वाजायला अजून वेळ होता. पण बाई डोळे पुसत घुमट काढत होत्या, आणि मी तोंड उघडलं ते नुसतंच उघडं राहिलं. मग मी दोन पावलं पुढे सरकलो आणि वळून पाटीसमोर उभा राहिलो. पाटी माझ्या डोक्यामागे नीट झाकली गेली. वेल पुढे ओढून घेतली. थोडं डावीकडे झुकलो की 'उच्च दाब' दिसायचं, म्हणून झुकलो नाही.

तेवढ्यात गल्लीतून कॅमेरे गळ्यात घातलेलं एक जोडपं आलं. टोपी काढून अनवाणी उभा असलेला माणूस आणि चित्र काढत डोळे पुसणारी बाई पाहून तेही थबकले. त्यांनीही बूट काढले. त्यांच्यामागून सहलीचा एक घोळका आला. मेंढरं एकामागून एक जातात म्हणतात, इथे तर शिकलेली माणसं होती. बघता बघता सगळे माना खाली घालून रांगेत उभे. एका आजींनी हातातली फुलं एका लोखंडी झाकणावर वाहिली. (तो व्हॉल्व्हचा चेंबर होता. हे मी ओळखलं, पण कोणत्या तोंडाने सांगणार?)

"हे इथले पहारेकरी दिसतात," कॅमेरावाल्याने माझ्याकडे बोट केलं.

"बघा ना, पापणीसुद्धा लवत नाही," त्याची बायको म्हणाली. "काय शिस्त असेल यांची!"

दोघांनी माझ्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढून घेतला. मी श्वास रोखून धरला. एक माशी माझ्या नाकावर येऊन बसली आणि निवांत हातपाय धुऊ लागली. मी हललो नाही. देशासाठी माणसांनी प्राण दिले, मी एक नाक देऊ शकत नव्हतो?

आणि तेव्हाच बाजूचं लोखंडी दार करकरत उघडलं. बनियन घातलेला एक माणूस एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन बाहेर आला. आमचा सगळा श्रद्धाळू जमाव पाहून तो दचकला.

"काय झालं?" तो म्हणाला. "कोणी गेलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाणी आलं नाही म्हणून आला असाल तर तक्रार पुढच्या खिडकीवर," तो म्हणाला. "हे नुसतं पंपहाऊस आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही जरा पाटीसमोरून बाजूला व्हा. शॉक बसेल."

घोळका बूट घालून कधी पांगला ते कळलंही नाही. आजींनी फुलं परत घेतली. बाईंनी वही मिटली.

"तुम्हाला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"कधी?"

"बेअरिंगची थरथर पायांना लागली तेव्हा."

"आणि रोज जिथे बसता तसंच पंपहाऊस आहे, हे त्याआधी कळलं नाही?"

"अगं, आमचं मी कधी बाहेरून बघितलंच नाही," मी म्हणालो, आणि हे अगदी खरं होतं. सकाळी मान खाली घालून आत जातो, संध्याकाळी घड्याळाकडे बघत बाहेर पडतो.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "चला" म्हणाल्या. पंपवाल्याने पान्यानेच झाडांपलीकडची दिशा दाखवली आणि आम्ही धावत सुटलो. मी बूट हातात घेऊन.

पोचलो तेव्हा पहारेकरी फाटकाला साखळी लावत होता. खराखुरा पहारेकरी, मिशीवाला.

"वेळ संपली," तो म्हणाला.

बाई फाटकासमोर उभ्या राहिल्या. घंटेनंतर आलेल्या मुलाला त्यांनी कधी वर्गात घेतलेलं नाही. आज त्या स्वतः बंद दाराबाहेर होत्या आणि त्यांना ते पुरेपूर ठाऊक होतं. त्या भांडल्या नाहीत, विनवणीही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा इतका राग आला की मीच पुढे झालो.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी यांना चुकून पंपहाऊस दाखवलं. यांना पुढचं काही बघायचं नाही. फक्त मागची बाजू बघू द्या."

"मागची?" पहारेकऱ्याने साखळी तशीच धरून ठेवली. "मागची बाजू बघायला कोण येतं? सगळे पुढून फोटो काढतात आणि जातात."

"मला मुलांना सांगायचं आहे," बाई म्हणाल्या. "मला येत नाही ते."

पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं. "माझी मागची फेरी व्हायचीच आहे," तो म्हणाला. "माझ्याबरोबर या. रेंगाळायचं नाही."

पुढच्या पायऱ्या, खांब, घुमट, सगळं बाईंच्या चित्रासारखंच होतं, फक्त आभाळाएवढं. आम्ही वळसा घालून मागे गेलो आणि मी पुन्हा थांबलो.

मागे काहीच नव्हतं. खांब नाहीत, पायऱ्या नाहीत, कोरीव काम नाही. जमिनीपासून वरपर्यंत एक सपाट पांढरी भिंत होती आणि तिच्यावर नावं कोरलेली होती. नावांखाली नावं, नावांशेजारी नावं, मान दुखेपर्यंत वर गेलेली. उन्हं उतरली होती आणि प्रत्येक अक्षरात थोडी थोडी सावली साठली होती. पुढे ज्या थाटाचे फोटो निघतात, तो सगळा या माणसांच्या जिवावर उभा होता, आणि ती मागे उभी होती. मला खूप लहान वाटलं. बरंही वाटलं.

बाई भिंतीजवळ गेल्या आणि वाचू लागल्या. हळू आवाजात, एकेक नाव, प्रत्येकानंतर किंचित थांबत. मला तो सूर ओळखीचा वाटला. बाई हजेरी घेत होत्या.

रांगेच्या शेवटी एका जागी नुसतं कोरलेलं होतं, 'नाव माहीत नाही'. बाईंनी तेही वाचलं. आणि थांबल्या. ती शांतता मला सोसवेना.

"हजर," मी म्हणालो.

आपण बोललो हे मला बोलल्यावर कळलं. बाईंनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता मला अंगठे धरून उभं करतात. पण त्यांनी मान हलवली, अगदी हलकीशी, बरोबर उत्तराला हलवतात तशी, आणि पुढची रांग वाचायला घेतली. पहारेकऱ्याने हातातली शिट्टी वाजवली नाही. बाईंची ती रांग संपेपर्यंत तो टोपी काढून उभा राहिला.

परतीच्या गाडीत बाईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि फक्त नावांच्या ओळी काढल्या. पंपहाऊसचं चित्र फाडून टाका म्हणालो, तर म्हणाल्या, "राहू दे. छान आहे ते. आणि तुम्ही म्हणालात ना, तुमचं बाहेरून कधी बघितलं नाही? मीही नाही बघितलं."

मी समजलो, माफी मिळाली. मी समजायला नेहमीच जरा घाई करतो.

पुढच्याच आठवड्यात जेवणानंतर मी माझ्या टेबलाशी बसून विचार करत होतो. (डोळे मिटून. विचार तसाच करतात.) माझी खिडकी पंपहाऊसच्या मागच्या बाजूला आहे. तिकडे कोणी म्हणजे कोणी फिरकत नाही, म्हणूनच मी ती जागा मागून घेतली आहे. तर त्या खिडकीबाहेर मला अचानक मुलांची कुजबुज ऐकू आली आणि पाठोपाठ बाईंचा आवाज.

"कुठलीही वास्तू मागूनही बघायची, मुलांनो. पुढून सगळेच बघतात. या कमानी बघा. हा दगड बघा. कोणी कोणी बांधलं असेल हे?"

मी डोळे उघडणार होतो. पण बाईंच्या वर्गासमोर डोळे उघडणं म्हणजे ते मिटलेले होते हे कबूल करणं. मी तसाच राहिलो. राजधानीत सराव झालाच होता.

"बाई," एक बारीक आवाज आला. तो मागच्या बाजूचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची मुलगी, आवाज अगदी आईसारखा. "या खिडकीतला पुतळा कोणाचा आहे? तोंड उघडं असलेला?"

खिडकीशी पावलं थांबली. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत असाव्यात. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"तो परीक्षेला नाही," बाई म्हणाल्या. "चला पुढे."