मेजर, काळू आणि तीन फ्लॅश

सर्जेराव मेजर कॅमेरा घेऊन दारात आले, की आमच्या रहिमतपुरातली माणसं डोक्यावरची टोपी काढतात. परक्याला वाटावं, केवढा हा मान! मानबिन काही नाही. मेजरना पांढऱ्या टोप्या लागतात, फ्लॅशवर चढवायला. उघड्या फ्लॅशचा उजेड जनावराच्या डोळ्यांत घुसतो, टोपीतून गाळून आला की मऊ पडतो. त्यासाठी बाजारात छत्र्या मिळतात, हे मी एकदा त्यांना सांगून पाहिलं.

‘‘आवं गुरुजी, छत्री बघून कुत्रं बुजतंय. टोपी त्याच्या रोजच्या बघण्यातली हाय,’’ ते म्हणाले आणि त्यांनी माझीच टोपी मागून घेतली.

फौजेतून कोणी कुठल्याही हुद्द्यावरून परतला तरी आमच्याकडे तो मेजरच. बाकीचे मेजर उसात रमतात, नाहीतर निवडणुकीत. आमचे हे मेजर पाळीव जनावरांच्या फोटोंत रमले. माणसांचे फोटो ते काढत नाहीत. ‘‘माणूस फोटोत खोटं हसतंय. कशाला येळ घालवायचा?’’

त्यांचे फ्लॅश तीन. एक अंगणात रोवलेल्या फावड्याच्या दांड्याला बांधतात, एक दुधाच्या किटलीवर ठेवतात आणि तिसरा मालकाच्या हातात देतात. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तिन्ही एकदम उडतात. पण आधी ओळखपरेड. कुत्र्याला एकेका फ्लॅशपाशी नेऊन मेजर सांगतात, ‘‘ये सामनेवाला, साहब. ये बगलवाला. ये पीछेवाला. सब अपने आदमी हैं.’’ साहेबांनी तिघांचा वास घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. कुत्र्याला असं ‘साहब’, आणि फ्लॅश धरून ताटकळलेल्या मालकाला, ‘‘हालू नगंस रं गड्या, तुझा न्हाई फोटो!’’

गेल्या बेंदराला एका शर्यतवाल्याने बैलासोबत स्वतःचा फोटो काढून घेतला आणि चौकात भला मोठा फ्लेक्स लावला. बैलाचा केसन्‌केस चमकत होता, शिंगांच्या रंगात ढग दिसत होते आणि मालकाच्या जागी नुसती एक अंधारी आकृती उभी. तो भांडायला आला. मेजर शांतपणे म्हणाले, ‘‘बेंदूर कुणाचा? बैलाचा का तुझा?’’

मी हसलो खरा, पण माझ्याच घरी पाळी आली तेव्हा हसू आटलं. आमचा काळू कुत्रा म्हातारा झाला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि आता फार दिवस नाहीत असं सांगितलं. घरात त्याचे फोटो ढीगभर, पण सगळ्यांत कोळशाचं पोतं ठेवल्यासारखा दिसायचा. ‘‘डोळे दिसतील असा एक तरी फोटो हवा हो,’’ बायको म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. मी मेजरना बोलावलं.

पहिल्या दिवशी नाक तेवढं चमकलं. ‘‘काळं कुत्रं म्हंजे लय अवघड काम,’’ मेजर म्हणाले. ‘‘पाठनं उजेड दिला न्हाई, तर त्यो अंधारातनं भाईर येतच न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठचा फ्लॅश गोठ्याच्या कुडाला बांधला. उजेड अगदी हवा तसा पडला, पण काळूने मान जमिनीवरून उचलली नाही. मी हाक मारली, बायकोने भाकरी दाखवली. काळू नुसती शेपटी हलवायचा.

‘‘राहू द्या मेजर,’’ मी म्हणालो. ‘‘नका त्याला त्रास देऊ.’’

‘‘आसं कसं राहू द्या?’’ ते माझ्यावर खेकसले. ‘‘फोटो झाल्याबिगर मी न्हाई सोडनार.’’

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना ओट्यावर बसवलं आणि सारवलेल्या अंगणात स्वतः पालथे पडले. हनुवटी काळूसारखीच जमिनीला टेकवली. बराच वेळ काही हाललं नाही. मग अगदी हळू, पण करारी आवाज आला, ‘‘शेरू साहब! चलो!’’

काळूने कान टवकारले आणि मान वर केली. तिन्ही फ्लॅश उडाले.

फोटोत काळूच्या अंगावरचा केसन्‌केस दिसत होता. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका होता आणि काळू कुठेतरी निघाल्यासारखा बघत होता. बायको फोटो छातीशी धरून रडली. चार दिवसांनी काळू गेला.

आभार मानायला मी मेजरांच्या घरी गेलो. एकट्या माणसाची खोली, सगळं जागच्या जागी. भिंतीवर एकच फोटो होता. वर्दीतले तरुण मेजर, हातात कातडी पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला नुसता काळा डाग.

‘‘शेरू,’’ मेजर म्हणाले. ‘‘कुत्र्यांच्या तुकडीत माझ्याकडं हुता. एकच फ्लॅश हुता, समोरनं. मी आलो फोटोत, त्यो न्हाई आला.’’

‘‘मग पुढं?’’

‘‘माझी बदली झाली. त्याला नव्या मानसाच्या हाती दिला. जाताना हाक मारायची न्हाई, आसं बजावलं हुतं. हाक ऐकली तर त्यो ऱ्हायला नसता तितं. मी मागं बगितलं न्हाई, गुरुजी. ती हाक तशीच ऱ्हायली माझ्याकडं.’’ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘‘परवा तुमच्या काळूला चुकून तीच घातली. पन आला बगा.’’

काळूच्या फोटोची दुसरी प्रत मी पिशवीतून काढली आणि त्यांच्या हातात दिली.