गोळी कोणत्या हाताला?

"सिनेमातला फोटोग्राफर म्हणजे शुद्ध थापेबाजी!" फोटोकाका टीव्हीसमोर बसले की हे मत खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. "बघा, बघा! गच्चीवरून उडी मारली, गुंडांना लोळवलं, धावत्या गाडीतून खुन्याचा फोटो काढला, आणि लेन्सचं झाकण तसंच! अरे, त्यात निघणार काय? काळोख?"

काकांचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं. लोकांना 'हसू नका' असं सांगण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. काकूंचा धाकटा भाऊ मारधाडीच्या सिनेमांचा सहायक दिग्दर्शक. रोजची ही कटकट ऐकून तो इतका वैतागला, की त्याने काकांना कामच देऊन टाकलं. नव्या सिनेमाचा हिरो फोटोग्राफर होता. शूटिंग संपलं की काकांनी हिरोचा फोटो काढायचा. त्यावरून मेकअपवाला दुसऱ्या दिवशी भांग, जखम, घड्याळ सगळं जसंच्या तसं जुळवणार.

"भाऊजी, तुमच्यासाठी मी शब्द टाकलाय," मेहुणा म्हणाला. "दिग्दर्शक आधीच माझ्यावर खार खाऊन आहे. जरा काही चुकलं तर पहिला मी घरी जाईन."

"ऐकलंत ना? माझ्या भावाच्या पोटावर पाय देऊ नका!" काकूंनी बजावलं.

"चूक? आणि माझ्याकडून?" काका छाती फुगवून म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, फोटो नाही!"

पहिल्या दिवशी हिरोच्या हाताला गोळी लागली. पट्टी बांधली, हात झोळीत अडकवला आणि शूटिंग संपलं. काका कॅमेरा घेऊन मेकअपच्या खोलीत गेले तर हिरो आरशासमोर खुर्चीत गाढ झोपलेला! एवढ्या मोठ्या माणसाला उठवायचं कसं? काका कोपऱ्यात सरकले आणि आरशातल्या हिरोचाच झकास फोटो काढला. स्वतः दिसले नाहीत, आरशाची कडसुद्धा येऊ दिली नाही. याला म्हणतात हात! ते खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मेकअपवाल्याने फोटो समोर ठेवून झोळी हिरोच्या उजव्या हाताला बांधली.

"अरे, काल डावा होता ना?" हिरोने विचारलं.

"मलाही तसंच वाटतंय," मेकअपवाला डोकं खाजवत म्हणाला, "पण फोटोत उजवा आहे."

"भांग पण इकडे होता?"

"फोटोत इकडेच आहे."

"फोटो खोटं बोलत नाही!" काकांनी मागून ठणकावलं. घड्याळसुद्धा या मनगटावरून त्या मनगटावर गेलं. सकाळभर हिरोने उजवा हात झोळीत घालून गुंडांना तुडवलं.

दुपारी सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग आला. खलनायक पिस्तूल रोखून उभा, आणि जखमी हिरोने एका हाताने त्याचा फोटो काढायचा. तोच पुढे पुरावा!

"काढ फोटो!" दिग्दर्शक ओरडला.

हिरोने डाव्या हातात कॅमेरा धरला, बोटं ताणली, कॅमेरा पोटाशी दाबला, हनुवटीही लावून पाहिली. "बटण पलीकडे आहे हो!"

"मग डावखुऱ्यांचा कॅमेरा आणा!"

"तसा मिळत नाही," काका अभिमानाने पुढे झाले. "बटण उजवीकडेच असतं."

"मग लेखकाने उजव्या हाताला गोळी लिहिलीच कशी?"

"मी डाव्याच हाताला लिहिली होती!" लेखक किंचाळला.

"लवकर ठरवा, माझा हात भरून आलाय!" पिस्तूल धरलेला खलनायक कळवळला.

काल गोळी कुठे लागली यावर सेटवर दोन तट पडले. प्रत्येक जण आपापला हात वर करून पाहायला लागला. काकांनी ऐटीत फोटो उघडला आणि त्यांचे डोळे हिरोच्या शर्टावर खिळले. फोटोत शर्टाचा खिसा उजव्या बाजूला! समोर उभ्या हिरोच्या अंगावर तोच शर्ट, आणि खिसा डावीकडे. भांग फिरवला, घड्याळ फिरवलं, खिसा कोण फिरवणार? काकांना कालचा आरसा आठवला.

तेवढ्यात दिग्दर्शक मेहुण्यावर गरजला, "लक्ष ठेवायचं काम तुझं होतं! चालू लाग!"

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकांना वाटलं, गुपचूप सटकावं. पण घरी काकूंना तोंड कसं दाखवणार?

"थांबा! त्याचा काही दोष नाही. मी आरशातला फोटो काढला," ते कसेबसे म्हणाले. "फोटो उलटा आहे."

मग काकांनी घाईघाईने हिरोच्या हातातला कॅमेरा घेतला, तो उलटा, वरची बाजू खाली करून डाव्या हातात धरला आणि खालून अंगठ्याने बटण दाबलं. क्लिक!

दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. "वा! काय स्टाईल आहे! हिरो असाच फोटो काढणार! आणि कालचं शूटिंग उलटं करून घेऊ, म्हणजे गोळी उजव्या हाताला."

"पण त्यात खिसा उजवीकडे जाईल..." काका पुटपुटले.

"खिसा कोण बघतंय?"

बघणारा एकच होता. पण मेहुण्याची नोकरी वाचली होती, त्यामुळे काकांनी तोंड बंद ठेवलं.

सिनेमा धो धो चालला. भिंतीभिंतीवर उलटा कॅमेरा धरलेला हिरो झळकला. काका आपल्या दुकानात परतले. एके दिवशी एक आजोबा पासपोर्ट फोटोसाठी आले. ते स्टुलावर ताठ बसले. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"हसू नका," काका म्हणाले.

"हसू नको तर काय करू?" आजोबा म्हणाले. "दुकान टाकून बसलात, आणि कॅमेरा धरता येत नाही? तो उलटा धरतात! सिनेमे बघत जा जरा!"

काकांनी मुकाट्याने कॅमेरा उलटा केला.