तॅमसिनचं बटण आणि पाचशे बारा तक्रारी

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका चिमुकल्या कंपनीत फेरीबोटींच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप बनायचं. तिथला नियम एकच: ज्याच्यामुळे अ‍ॅपची नवी आवृत्ती अडेल, त्याने सगळ्यांना लॅमिंग्टन केक खिलवायचे. तॅमसिनवर तीन वर्षांत ती पाळी आली नव्हती, आणि हे ती चहाच्या प्रत्येक कपासोबत सांगायची.

त्या शुक्रवारी तर तिने कडीच केली. यापुढे आवृत्ती काढण्याआधी कर्मचारी लिहितात ती तक्रारींची यादी कुणी चाळायची नाही, असं जाहीर केलं. नवी आवृत्ती तयार करताना तिचा प्रोग्रामच यादीत शोध घेणार होता. गंभीर तक्रार सापडली की काम थांबवणार, आणि कुणी विसरू नये म्हणून 'गंभीर' शिक्क्यासकट तिची एक आठवण यादीत नोंदवणार. साहेबीण ग्लेनिसने एवढंच बजावलं, की उद्या नौकाशर्यत आहे. जादा बोटींच्या वेळा चारच्या आत अ‍ॅपवर गेल्या नाहीत तर अख्खं गाव धक्क्यावर ताटकळेल.

तीन वाजता तॅमसिनने ऐटीत नवी आवृत्ती काढायचं बटण दाबलं. काम थांबलं. एक गंभीर तक्रार! काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा दाबलं. आता दोन. मग चार. मग आठ. प्रोग्राम स्वतःच नोंदवलेल्या आठवणी शोधून त्यांच्याही आठवणी नोंदवत सुटला होता.

साडेतीनला आकडा पाचशे बारावर गेला. चाचण्या घेणारा फर्गस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"बाई, बटणावरचा हात काढ आता."

"मला कळतंय."

"कळतंय तर दाबतेस कशाला?"

दोघांनी मिळून प्रोग्रामने लिहिलेलं सगळं पुसलं. चारला सात मिनिटं कमी असताना तॅमसिनने जीव मुठीत धरून बटण दाबलं. काम थांबलं. एक गंभीर तक्रार.

"ही माणसाने लिहिलीय," फर्गस म्हणाला.

"नाव वाच त्याचं. लॅमिंग्टन त्याच्याकडूनच घेते."

फर्गसने सावकाश वाचलं, "'फ्रिजमधलं माझं दही कुणीतरी खाल्लं. चोर सापडेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर जाऊ नये.' आठ महिन्यांपूर्वीची आहे. लिहिणारी, तॅमसिन."

मागे उभी असलेली ग्लेनिस खाकरली.

"दही मी खाल्लं होतं. चोर सापडला, तक्रार बंद कर."

चारला दोन मिनिटं असताना बोटींच्या वेळा अ‍ॅपवर गेल्या आणि तॅमसिनने आनंदाने फर्गसला मिठीच मारली.

सोमवारी तिने लॅमिंग्टन आणून फ्रिजमध्ये ठेवले. अकरा वाजता पाहते तर दोन गायब. तिने तडक तक्रार लिहायला घेतली, आणि बराच विचार करून शिक्का मारला: किरकोळ.