आधी खाकरायचं

रज्जाकभाऊ बुधवारी गेले. मशीनवर पँटची किनार चालू होती. पाय थांबले, चाक थांबलं.

मूल गावच्या बाजारात ते शिंपी म्हणून सगळ्यांना माहीत होते, पण पत्ता सांगताना लोक म्हणत, "तो टीव्हीसमोर खाकरते, तो टेलर." खरंच होतं ते. दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे पुतण्यानं नागपूरहून आणून दिलेला टीव्हीला जोडलेला गेमचा जुना डबा होता. गिऱ्हाईक नसलं की भाऊ त्यावर भुताचे गेम खेळत. ओसाड हवेली, लांब बोळ, बोळाच्या टोकाला बंद दार. दाराशी आले की गेममधल्या माणसाला थांबवायचे, चष्मा वर सारायचे आणि मोठ्यानं खाकरायचे. मगच बटण दाबायचे.

मी त्यांची शेजारीण. शाळेत मराठी शिकवते. आमच्या घरांची मधली भिंत एकच. शाळेतून येताना मी दुकानातल्या स्टुलावर टेकत असे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, "भाऊ, घसा बसलाय का?"

"घसा बेस हाय, बाई. समोर दार हाय ना."

तरुणपणी ते सायकलवर मशीन बांधून जंगलातल्या गावांमध्ये शिवायला जात. आमच्याकडे जंगलवाटेच्या वळणावर माणूस खाकरतो, नाहीतर काहीबाही बोलत राहतो. "वाघाले समजलं पाह्यजे, आपन येऊन राह्यलो म्हनून. घर त्याचं हाय. त्याले दचकवाचं नाई." मग गेममधल्या हिरोकडे बोट करून म्हणायचे, "अन् हा पाहा. बंदूक घेऊन घुसते दनादन. आपल्या झाडीतला असता तं कवाच खाल्ला गेला असता."

एकदा माप द्यायला आलेला एकजण वैतागला. "चाचा, माप घेता का भूत मारता?"

"मारतो कायले? गोळी एकच उरली. भूत जाऊ दे पयले, मंग तुई कंबर."

तो कुरकुरत उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानंही श्वास रोखून धरला होता. भाऊ खाकरले तसा तोही खाकरला.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले. पण भीतीचा इतका मान राखणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. जुन्या गेममध्ये जिकडेतिकडे धुकं असे. त्या काळच्या यंत्रांना लांबचं चित्र काढणं जमत नसे, म्हणून धुक्यानं झाकायचे, असं पुतण्यानं त्यांना सांगितलं. भाऊ हरखून गेले. "म्हंजे कापड कमी पडलं, बाई! कारागिरानं जोड देल्ली, अन् लोक त्या जोडीलेच भेऊन राह्यले. वा रे शिंपी!" त्या दिवशी त्यांनी टीव्हीपुढे हात जोडले, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

नव्या, गोष्ट सांगणाऱ्या गेमवर मात्र त्यांचा राग होता. "थानभर कापड, अन् खिसा एक नाई. हिरो चालते, बोलते, बाप आठवते, रडते. अरे, मले खेलू दे, नाईतं मलेच रडू दे!"

मग पुतण्या नवा डबा घेऊन आला. सोबत कानाला लावायचा माईक. त्यातल्या एका गेममध्ये राक्षसाला खेळणाऱ्याचा खराखुरा आवाज ऐकू येतो, हे सांगायचं तो विसरला. दार आलं. भाऊ खाकरले. दार आतून फुटलं आणि राक्षसानं हिरोला उचलून नेलं. पुतण्या हसून हसून लोळला. भाऊ उठून उभे राहिले होते.

"ऐकलं यानं," ते हळूच म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस ते त्याच दाराशी जात, खाकरत आणि मरत. मी आले की कौतुकानं सांगत, "येते, बाई! खाकरलं का येते!"

शेवटचा गेम गोष्टीचाच होता. एक म्हातारा बायकोसाठी औषध आणायला डोंगरापलीकडे जातो आणि परत येतो, एवढीच गोष्ट. भाऊंनी शिव्या घालत का होईना, डोंगर पार केला. घराच्या दाराशी आले आणि थांबले. त्यानंतर रोज दुकान उघडलं की गेम लावत. पडद्यावर बर्फ पडत राही, म्हातारा दाराशी उभा, आणि भाऊ त्याच्याकडे पाठ करून शर्टांची काजं करत बसत.

"उघडा की, भाऊ," मी एकदा म्हटलं. "ती बरी असेल. आत काय आहे ते कळेल तरी."

भाऊंनी दातांनी दोरा तोडला.

"मी खाकरलो ना, बाई. रोज खाकरतो. अंदरून कोनी काई म्हनलं नाई. मंग काऊन उघडू?"

मला मधली भिंत आठवली. जुबेदाभाभी होत्या तोवर भाऊ संध्याकाळी दुकान बंद करून घराच्या दाराशी येत आणि खाकरत. आतून भाभींचा आवाज येई, "खुलाच है, आ जाओ." भाभींना जाऊन वर्षं झाली. खाकरणं मी त्यानंतरही रोज ऐकत होते. मग थोडा वेळ काही नाही. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज.

पुतण्यानं दुकान रिकामं केलं. मशीन नेली. नवा डबा माझ्याकडे ठेवून गेला. "तुमीच तं पाहाच्या, बाई," म्हणाला.

मी तो लावून पाहिला. म्हातारा दाराशी उभा आहे. औषध हातात आहे. दार बंद आहे.