सटवोजी बेलदार आणि तबकातला विडा

श्रीजलदेवता प्रसन्न. ज्याणे केले त्याचे नाव राहावे, एवढ्याकरिता हा कागद लिहिला. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी संवत्सरी, भाद्रपद मासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, राजधानीचा थोरला तलाव काठोकाठ भरला आणि बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपो लागले. सटवोजी बेलदार, ज्याच्या बापाने तो बांध घातला, त्याणे ते पाणी ओंजळीत घेतले तो गढूळ. नितळ झिरपले तर भय नाही. गढूळ आले म्हणजे पाणी बांधाची माती आतून खात आहे, हे त्यास पुरते ठाऊक. बांधाखाली दोनशे घरांचे गाव, त्यात त्याची लेक नुकती बाळंत झालेली. मग तो अनवाणी धावत दरबारी आला आणि म्हणाला, "म्हाराज, मोरी उघडा, पानी सोडा. आठ-धा दिसांत बांध जातोय."

मग महाराजांनी रिवाजाप्रमाणे तबकात विडा ठेविला की, जो हे काम शिरी घेईल त्याणे उचलावा. नव्याण्णव मानकरी बसले होते, त्यांस या गोष्टीत मोठी गोडी वाटली. आणि ते मेण्यांत बसून बांधावर गेले, आणि गढूळ पाणी चांदीच्या वाटीत घेऊन उन्हात धरिले, आणि एकाने वास घेतला, आणि एक म्हणाला, "वाहवा, रंग काय आहे!" मग परतोन विड्याभोवती बसून उत्तम चर्चा केली. परंतु पाणी सोडावे तर दसऱ्याचा जलविहार बुडतो, नावांस नवा रंग दिलेला. म्हणोन कोणाचा हात पुढे होईना. सटवोजीने हात पुढे केला तो चोपदाराने काठी आडवी घातली, "मागं हो! विडा मानकऱ्यानंच उचलायचा." लाज कैसी वाटली नाही मेल्यांस! हे लिहिताना बोरू मोडला, दुसरा घेतला.

सहा दिवसांत विडा वाळला, चर्चा ताजी राहिली. सातवे दिवशी सटवोजी पहार घेऊन मोरीवर उतरला. पहारेकरी कळवळून म्हणाला, "सटवोजी, मुंडकं जाईल रं!"

"जाऊ दे. माझं येकच हाय, खाली समदं गाव हाय."

आणि मोरीचा लाकडी दट्ट्या उचकटून त्याणे ओढ्यात सोडून दिला. मग तीन दिवसांत तलाव अर्धा उतरला आणि बांधाच्या पोटात हत्ती बसेल एवढे भगदाड उघडे पडले. मग नव्याण्णव मानकरी पुन्हा मेण्यांतून आले, पुन्हा मोठी गोडी वाटली, आणि जो तो म्हणे, "आम्ही तेव्हाच म्हटले होते." आणि निवाडा ऐसा जाहला की, विडा न उचलता काम केले, हा रिवाजाचा भंग, सबब बेलदारास बेडी घालावी. लोहार आला तेव्हा सटवोजीने एवढेच पुसिले, "माझी पोर बरी हाय न्हवं?" बरी आहे ऐकोन त्याणे पाय आपणहून पुढे केले.

सारांश, नव्याण्णवांस गोडी होती, एकास खात्री होती, आणि गाव त्या एकामुळे वाचले. दरबारच्या लेखी ते काम अद्याप कोणी शिरी घेतले नाही, म्हणोन विडा तबकातच आहे.