खिडकीपुढची जास्वंद

फूल झाडावर असते तोपर्यंत तो नुसता निसर्ग असतो. त्याची संस्कृती व्हायची असेल तर त्याला घरात यावे लागते, आणि घरात यायचे तर आधी मान कापून घ्यावी लागते. सुसंस्कृत समाजांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. आमच्या वसाहतीने जरा उशिरा ओळखली, पण मग अशी ओळखली की आज वसाहतीतल्या एकाही झाडावर फूल म्हणून दिसत नाही.

याचे सर्व श्रेय ‘घरचीच फुले’ या मंडळाला जाते. मी मंडळाचा कार्यवाह आहे, त्यामुळे पुढील मजकूर निःपक्षपाती आहे हे वेगळे सांगायला नको.

मंडळाचे तत्त्व साधे आहे. बाजारातली फुले कुणीही आणू शकतो, म्हणून ती हलकी. आपल्या बागेतली फुले आणि पाने तोडावीत, मोसमाप्रमाणे निवडावीत आणि फुलदाणीत अशी ठेवावीत की कुणी मुद्दाम ठेवली आहेत असे वाटूच नये. सहजता हा मंडळाचा प्राण आहे. सहजता यायला साधारण अख्खी सकाळ लागते (अध्यक्षबाईंना दुपारही लागते, पण त्यांची सहजता वरच्या दर्जाची आहे). एक फांदी कललेली हवी, एक पान किडके हवे आणि फुलदाणीपाशी टेबलावर दोन पाकळ्या आपोआप गळलेल्या हव्यात. अध्यक्षबाईंच्या घरी आपोआप पाकळ्या गाळण्याचे काम त्यांच्या यजमानांकडे आहे. कचेरीत त्यांना सगळे साहेब म्हणतात म्हणून आम्हीही साहेबच म्हणतो. घरी ते हातात चिमटा घेऊन बसतात.

मोसमांची शिस्त तर फारच कडक आहे. पावसाळ्यात तेरडा, नेचे आणि ओल धरलेले काहीही चालते. या रचनेचा भाव ‘ओढ’ असा ठरला आहे. हिवाळ्यात शेवंती आणि डेलिया, भाव ‘तृप्ती’. उन्हाळ्यात बागेत काहीच उरत नाही, तेव्हा एक सुकी काटकी आणि शेजारी दगड, भाव ‘अभाव’. ‘अभाव’ ही मंडळाची सर्वांत नावाजलेली रचना आहे, कारण तिच्यात चूक काढता येत नाही. (एका सभासदाने काटकी आणि दगड दोन्ही काढून नुसती फुलदाणी ठेवली होती. त्याला आळशी ठरवून ताकीद देण्यात आली.) मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातली नव्वद माणसे फुलदाणी पाहून “घरचीच का?” असे विचारतात. उरलेली दहा त्याच घरातली असतात.

आता अध्यक्षबाईंच्या बागेकडे वळू. ही बाग त्यांनी लावलेली नाही. ती साहेबांच्या आत्यांनी लावली. आत्यांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आईवेगळ्या साहेबांना वाढवले आणि उरलेल्या वेळात मातीत हात घातले. खुबा मोडल्यापासून त्या मागच्या खोलीत पडून असतात. पलंगावरून त्यांना दिसणारे जग म्हणजे खिडकीची चौकट, तिच्यापुढची तांबडी जास्वंद आणि मागच्या भिंतीचा तुकडा. इतरांना ही अवस्था दयनीय वाटेल. मंडळाला ती अन्यायाची वाटली, कारण बागेतले सर्वांत जोमदार झुडूप एकटी बाई बळकावून बसली होती. चहाचा चोथा पडल्या पडल्या हात लांबवून खिडकीतून त्याच्या बुंध्याशी टाकायची आत्यांना खोड होती, आणि झुडूप बाराही महिने लगडलेले असे.

अध्यक्षबाई कात्री घेऊन तिकडे वळल्या तेव्हा आत्यांनी आतूनच आवाज दिला, “बाकीची बाग हवी तर सगळी भादर. एवढी जास्वंद मात्र सोड गं बाई. मला दिवसभर दुसरं बघायला आहे काय?”

“अहो आत्या, फुलं सगळ्यांची असतात,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“मग मी कोणात आले?”

प्रश्न महत्त्वाचा असल्याने तो मंडळापुढे आला. चर्चा चांगली रंगली. शेवटी ‘सगळे’ म्हणजे दिवाणखान्यात बसणारे, अशी व्याख्या एकमताने मंजूर झाली. आत्यांना बसताच येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणायला जागा उरली नाही.

जास्वंदीत एक खोट आहे, हे इथे मान्य केले पाहिजे. ती झाडावर असो की फुलदाणीत, एका दिवसात मिटते. पाहुणे कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून मग रोज तोडावी लागते. शिवाय झाडावर उमललेले फूल तोडले तर त्याचा निम्मा दिवस आत्यांकडे वाया जातो. यावर अध्यक्षबाईंनी उपाय काढला. आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि पाहुण्यांच्या वेळेच्या बेताने बाहेर काढायच्या. खिडकीपुढे आता नुसती पाने राहिली. पाने हिरवी होती, आणि हिरवा रंग डोळ्यांना चांगला असतो.

मंडळ निर्दय आहे असे मात्र कुणी समजू नये. पाहुणे गेल्यावर, दिवे लागायच्या सुमारास, तीच फुलदाणी आत्यांच्या खोलीत नेण्याची प्रथा अध्यक्षबाईंनी स्वतःहून सुरू केली. “बघा, तुमच्याकडेच आणली की नाही?” असे त्या म्हणत.

आत्या मिटलेल्या फुलांकडे बघत. “मी गेल्यावर मलाही अशीच फिरवून आण सगळीकडे,” एकदा त्या म्हणाल्या. (आत्यांचा स्वभाव तिरका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने गोड बोलावे, एवढी साधी अपेक्षाही त्या पुरी करत नाहीत.)

दर हिवाळ्यात मंडळ वर्षातली सर्वोत्तम फुलदाणी निवडते. मागच्या खेपेला एका मान्यवर सभासदाच्या देठांवर फुलवाल्याचे रबर तसेच राहिले होते, त्यामुळे मंडळाचे नाक कापले गेले. म्हणून यंदा मी एक नवा नियम सुचवला. परीक्षकांनी बागही पाहावी, आणि फुलदाणीत जे फूल असेल त्याची भावंडे झाडावर दिसावीत. नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अडचण एवढीच होती की भावंडे कुणाकडेच शिल्लक नव्हती. सगळ्या बागा सरावात संपल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी पहाटे नाक्यावरच्या फुलवाल्याकडे मंडळाचे झाडून सगळे सभासद उभे होते आणि कुणी कुणाला ओळखत नव्हते. मीही उभा होतो, पण पाहणीसाठी.

उजाडेपर्यंत साहेबांनी निम्म्या बागेला फुले आणली. विकतचे फूल, बारीक तार, पक्कड, आणि पीळ देऊन तार पानाआड. खरी पंचाईत जास्वंदीची झाली. अध्यक्षबाईंच्या फुलदाणीत फ्रिजमधल्या तीन जास्वंदी मध्यभागी होत्या, म्हणजे झुडपावर भावंडे हवीतच. पण संध्याकाळी मिटणारा माल आमचा फुलवाला ठेवत नाही. त्याच्याकडे तांबडी म्हणून शेवंती होती. “लांबून तांबडं दिसलं म्हणजे झालं,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि साहेबांनी खिडकीपुढच्या जास्वंदीला शेवंती बांधायला घेतली.

ते शेवटचा पीळ देत असताना आत्यांना जाग आली. चष्मा उशाशी होता. त्यांना खिडकीत फक्त तांबडा रंग दिसला, हिरव्यावर ठिकठिकाणी तांबडा, कितीतरी महिन्यांनी.

“आली!” त्या ओरडल्या. “अरे, आली रे माझी जास्वंद! सोडली तुम्ही! देव तुमचं भलं करो!”

तो आवाज इतका आनंदाचा होता की साहेबांच्या हातातली पक्कड पायावर पडली. हा प्रकार मी स्वतः पाहिला आणि त्याचा निषेध केला. परीक्षक फाटकाशी आलेले असताना पक्कड पाडणे योग्य नव्हे.

मग आत्यांनी चष्मा लावला, आणि नेमके तेव्हाच तिन्ही परीक्षक खिडकीखाली पोचले. मुख्य परीक्षक वनस्पतींवर व्याख्याने देतात. ते झुडपाकडे कौतुकाने पाहत असताना आतून आवाज आला, “अहो, ही शेवंती आहे! जास्वंदीला शेवंती आलीये! तार बांधलीये बघा, तार!”

मुख्य परीक्षकांनी पुढे होऊन एक फूल बोटाने उचलले. शेवंतीखालची तार बोटाला लागली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

“वा,” ते म्हणाले, “फुलाला आधारसुद्धा दिलाय. काय माया लावलीये झाडाला!”

“वय झालंय त्यांचं,” अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. “हल्ली काहीबाही दिसतं.”

तिन्ही परीक्षकांनी जिभेने च्‌ च्‌ केले आणि पहिला क्रमांक अध्यक्षबाईंना दिला. या निर्णयात कुठे पक्षपात झाला असे वाटत नाही. दुसरा आणि तिसरा क्रमांकही तारेलाच मिळाला.

आत्यांच्या प्रकृतीची हेळसांड मात्र मंडळाने केली नाही. दुसऱ्याच दिवशी सभासदांपैकी एक डॉक्टर त्यांना पाहून गेले. झाडावर भलतीच फुले दिसणे हे मनावर ताण आल्याचे लक्षण आहे, ताण खिडकीतून येतो, तेव्हा खोली बदलावी, असे त्यांनी सांगितले. (त्यांनी स्वतः त्या पहाटे आपल्या गुलाबाला कार्नेशन बांधले होते, त्यामुळे या लक्षणाचा त्यांचा अभ्यास ताजा होता.) आत्यांचा पलंग आतल्या इस्त्रीच्या खोलीत हलवला. तिथे खिडकी नाही आणि ताणही नाही.

पलंग नेताना आत्यांनी साहेबांचा हात धरला. “तू सांग रे. तू होतास ना तिथे? मी बरोबरच बोलले ना?”

साहेब खिशातल्या तारेच्या तुकड्याशी चाळा करत उभे राहिले. “आराम कर आत्या,” ते म्हणाले. कचेरीत ते बरेच मोठे निर्णय घेतात असे ऐकतो.

मागच्या खोलीत आता फुलदाण्या ठेवतात. चहाचा चोथा बंद झाल्यावर जास्वंद रोडावली आणि खोलीतला उजेडही अडवत होती, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर ती तोडली. काहीही वाया घालवायचे नाही हे मंडळाचे धोरण आहे. तिचीच एक जाड फांदी, सगळी पाने काढून, दिवाणखान्यातल्या मोठ्या फुलदाणीत ठेवली, शेजारी दगड. यंदाचा ‘अभाव’ इतका सुरेख जमला होता की पाहणारा गप्पच होई.

मात्र आठवड्याभरात एक गैरसोय झाली. फांदीने फुलदाणीतल्या पाण्यात मुळे धरली आणि तिला पालवी फुटली. ‘अभाव’ या रचनेत पालवी बसत नाही. आता रोज सकाळी साहेब चिमट्याने कोंब खुडतात आणि रोज सकाळी नवे येतात. आत्यांना हे कुणीतरी सांगितले. त्या इस्त्रीच्या खोलीत पडल्या पडल्या हसल्या म्हणतात. “जिवंत आहे मेली अजून,” म्हणाल्या. तेव्हापासून फाटक वाजले की त्या आतून विचारतात, “कोण आलंय? पालवी आली का हो?”

मागच्या रविवारी तुम्हीही अध्यक्षबाईंकडे गेला होतात. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होतो. फांदीपुढे तुम्ही बराच वेळ उभे राहिलात, मग मान हलवून म्हणालात, “किती बोलकी आहे!” तेवढ्यात आतून विचारणा झाली. आवाज चांगला मोठा होता. तुम्ही दाराकडे पाहिलेत, मग अध्यक्षबाईंकडे पाहिलेत आणि फुलदाणी कुठून घेतली ते विचारलेत.

हीच समज मंडळाला सभासदात हवी असते. तुमचे नाव एकमताने मंजूर झाले आहे, आणि येत्या रविवारी आम्ही सगळे तुमची फुलदाणी बघायला तुमच्या घरी येत आहोत. फुले घरचीच असावीत. आतल्या खोलीचे दार लोटून घ्यायचे असेल तर खुशाल घ्या. आम्ही काही विचारणार नाही.